आडवी की उभी

अंधारातही स्पष्ट पाहू शकणारी माणसं समाजात फार थोडी असतात आणि आमचे डॉक्टर त्यांपैकी एक होते, असं त्यांच्या सत्काराच्या वेळी एका वक्त्यानं सांगितलं. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. मी त्यांच्या सोनोग्राफी सेंटरमध्ये अठरा वर्षं टायपिस्ट होते. पडद्यावर चकाकी येऊ नये म्हणून तपासणीच्या खोलीतले दिवे बंद ठेवावे लागत आणि त्या अंधारात डॉक्टर दर दोन-तीन दिवसांनी स्टुलाला अडखळत. शेवटी मी स्टुलाच्या पायांना पांढरी चिकटपट्टी गुंडाळली. त्यानंतर ते बादलीला अडखळू लागले.

टायपिस्ट हे माझं कागदावरचं पद. प्रत्यक्षात मी तिथं ‘बाई’ होते. छाती तपासायला आलेल्या पेशंटजवळ खोलीत दुसरी बाई असलीच पाहिजे, हा डॉक्टरांचा नियम होता आणि तो त्यांनी कधी मोडला नाही. मी रजेवर असले की त्या तपासण्या दुसऱ्या दिवसावर जात. एकदा मला ताप होता, तर घरी निरोप आला, ‘टाइप करू नका, नुसत्या येऊन बसा.’

हे नव्वदच्या दशकातलं. औरंगाबाद शहरात तेव्हा छातीच्या गाठीची सोनोग्राफी म्हणजे काय, हे पेशंटला सोडा, पाठवणाऱ्या डॉक्टरांनाही नीट ठाऊक नसायचं. आमच्या डॉक्टरांना ठाऊक होतं, आणि नेमकं किती ठाऊक आहे हेही ठाऊक होतं. दुसरी गोष्ट जास्त दुर्मीळ. त्यांच्याबद्दल लिहायचं तर सोयगावच्या कडूबाईपाशी यावंच लागेल, कारण एका शब्दापायी तिचा जीव जायची वेळ आली होती आणि तो शब्द डॉक्टरांचा होता. पण आधी तो शब्द त्यांच्या तोंडी कसा बसला ते सांगते.

डॉक्टर मूळचे चितेगावकडचे, शेतकरी घरातले. निजामाविरुद्धची पोलिस अॅक्शन झाली तेव्हा ते तिसरीत होते आणि शाळा उर्दू होती. पुढं शाळा मराठी झाली, कॉलेज इंग्रजी झालं, पण आकडेमोड करताना ते शेवटपर्यंत उर्दूत पुटपुटायचे. पडद्यावर जे दिसेल ते मात्र मोठ्यानं आणि मराठीत बोलायचे. ते बोलणार, मी त्याचं ठरलेलं इंग्रजी करून टाइप करणार, अशी आमची पद्धत. इंग्रजी शब्द ऐकून पेशंट घाबरतात, म्हणून मराठी. मराठी शब्द पेशंटला कळतात, ही गोष्ट त्यांच्या लक्षात यायला बराच काळ गेला.

“आडवी,” ते म्हणायचे. “अठरा बाय अकरा. कड गुळगुळीत. आतून एकसारखी. खाली सावली नाही.”

किंवा, “उभी. कड काटेरी. खाली सावली.”

पहिली सहसा साधी गाठ. दुसरी सहसा ती, जिचं नाव कुणी घेत नसे. याचं कारण त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात कागदावर रेघा मारून समजावलं. छातीच्या आत थर असतात, एकावर एक, आडवे. साधी गाठ आपल्या थरात राहते, म्हणून आडवी वाढते आणि तिची कड साफ असते. वाईट गाठ थर बघत नाही, एकातून दुसऱ्यात घुसते, म्हणून उभी होते.

“बांध कोरणारी जात असते, बाई,” ते म्हणाले. हा विषय त्यांना चांगला ठाऊक होता. चितेगावच्या बांधावरून त्यांच्या वडिलांचा चुलतभावाशी दावा चालू होता आणि तो डॉक्टरांच्या पिढीतही चालूच राहिला.

नुसती पाण्याची गाठ असली तर पडद्यावर शाई सांडल्यासारखी काळी दिसे आणि तिच्याखाली उजेड पडे. ती सापडली की डॉक्टर खूश होत, कारण तेवढ्याच बाबतीत त्यांना जवळजवळ खात्रीनं बोलता येई. बाकी वेळी त्यांचं आवडतं वाक्य होतं, “मला ठाऊक नाही.” हे ते अतिशय सहज म्हणत. शहरातले एक मोठे सर्जन एकदा फोनवर चिडले, “अहो, कॅन्सर आहे की नाही ते एका शब्दात सांगा ना!” डॉक्टर म्हणाले, “माझ्याकडं फोटो आहे. तुम्ही फोटोवरून माणसाचा स्वभाव विचारताय. अंदाज सांगतो. खात्री पाहिजे तर सुई घाला.” सर्जननी त्यानंतर चार महिने पेशंट पाठवले नाहीत. डॉक्टरांना ते कळलंही नाही. मीच सांगितलं, तर म्हणाले, “असं? मला वाटलं पेशंट बरे झाले.”

‘काळजी करू नका’ हे शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाहीत. थंडीच्या दिवसांत मात्र अंगाला लावायच्या जेलची बाटली गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवलेली असे आणि पाणी निवलं की ते स्वतः बदलत. त्यांचा चहा रोज गार व्हायचा, जेल कधी गार नसे.

तपासणीआधी ते पेशंटला म्हणत, “आधी तुमचं बोट ठेवा. गाठ तुम्हाला सापडली आहे, मला नाही.” हे वाटतं तितकं सोपं नव्हतं. आमच्याकडच्या बायका आजार अंगावर दाखवत नाहीत, दाखवला की तो तिथंच राहतो म्हणतात. मग त्या माझ्या अंगाकडं हात करून म्हणायच्या, “ताई, तुमच्या ह्या अंगाला हाय बघा.” अठरा वर्षांत मला एवढ्या गाठी झाल्या.

नवं यंत्र आलं तेव्हा भागीदाराच्या आग्रहानं उद्घाटन झालं. एक पुढारी आले. त्यांनी यंत्राला हार घातला. तो डॉक्टरांनी लगेच काढला, यंत्राचा पंखा अडतो म्हणून. मग पुढाऱ्यांनी बाहेरच्या हॉलमध्ये मातृशक्तीवर भाषण सुरू केलं. हॉलमध्ये पोटाच्या सोनोग्राफीसाठी चार-चार ग्लास पाणी पिऊन बसलेल्या अकरा बायका होत्या. भाषण पंचवीस मिनिटं झालं तेव्हा आमची खाला उठली. खाला म्हणजे आमच्याकडची आया, सत्तरीकडं झुकलेली, शहागंजची. ती पुढाऱ्यांसमोर उभी राहून म्हणाली, “साब, बस करो अब. औरतां कबके रोक के बैठे हैं.” मातृशक्तीवरचं भाषण तिथंच संपलं.

तर तो शब्द. हॉल आणि तपासणीची खोली यांच्यामध्ये फक्त कापडी पडदा होता. डॉक्टरांचा आवाज मोठा. वर्षभरात हॉलला सगळं कळू लागलं. बाई बाहेर आली की बाकावरच्या विचारत, “आडवी का उभी?” तिनं “आडवी हाय माय” म्हटलं की सगळ्यांचे खांदे खाली येत. कुणी डब्यातला शंकरपाळा पुढं करी. उभी निघालेलीला मात्र कुणी काही विचारत नसे, तिच्यासाठी बाकावर जागा करून देत.

मी हे डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते खरोखर घाबरले. “पण आडवी म्हणजे सुटली असं कुठं आहे? काही वाईट गाठी अगदी साळसूद दिसतात. पुरतं चित्र बघायचं असतं!” दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बोलणं बंद केलं. खोलीत शांतता. तीन दिवसांत तीन बायका तपासणी चालू असतानाच रडू लागल्या, डॉक्टर गप्प आहेत म्हणजे सगळं संपलं म्हणून.

मग त्यांना युक्ती सुचली. ते न बोलता चिठ्ठीवर उर्दूत लिहू लागले. चिठ्ठी पेशंटच्या हातात, पेशंटनं ती बाहेरच्या टेबलावर नेऊन द्यायची, मला उर्दू येत नसल्यामुळं मग मी त्यांना विचारून टाइप करायचं. लिपी गुप्त राहील, असं त्यांना वाटलं. औरंगाबादेत! हॉलमधल्या निम्म्या बायकांना उर्दू वाचता येत होतं आणि उरलेल्यांना खाला वाचून दाखवत होती.

“क्या लिख्खे, देखूं? हौ, सादी है, लेटी हुई है. जा गे, कायकू रोती?”

आठवड्यानं डॉक्टर पुन्हा मोठ्यानं बोलू लागले. हार मान्य करायला त्यांना वेळ लागत नसे.

कडूबाई आली ती या सगळ्यानंतर. चाळिशीची, उंच, हाताला पीठ बसलेलं. सोयगावात तिच्या नवऱ्याची पिठाची गिरणी होती आणि ती चालवायची कडूबाई. एकटीच आली होती. हॉलमध्ये तासभर बसल्यामुळं तिचं शिक्षण पूर्ण झालं होतं.

डॉक्टरांनी बोट ठेवायला सांगितलं. तिनं सरळ स्वतःच्या अंगावर ठेवलं, मला वाचवलं. डॉक्टर बोलू लागले, “आडवी. बावीस बाय चौदा. कड गुळगुळीत—” आणि थांबले. अंगावर फिरवायचा प्रोब त्यांनी पेन धरल्यासारखा थोडा तिरका केला. तेवढ्यात बाहेरून खालानं हाक दिली, मुंबईचा फोन आहे, यंत्राच्या दुरुस्तीचा. त्या फोनची ते दोन दिवस वाट पाहत होते. पडद्यावरचं चित्र गोठवून ते बाहेर गेले.

“झालं नव्हं ताई?” कडूबाई उठून बसली. “आडवी म्हनले.”

“थांबा जरा, येतील ते,” मी म्हटलं आणि जेल पुसायला तिला टॉवेल दिला. इथं माझंही सांगायला पाहिजे. ‘आडवी’ मीही ऐकलं होतं आणि माझ्याही मनानं तिला सोडून दिलं होतं. मी टाइपरायटरवर पुढचा कागद चढवत होते. ती कधी गेली ते मी पाहिलं नाही.

डॉक्टर परत आले, स्टूल चुकवून, बादली चुकवून. पडद्याजवळ बसले.

“हा कोपरा बघायचा राहिला. बोलवा तिला.”

मी पडद्याकडं पाहिलं. गाठ आडवी होती, तीन बाजूंनी घोटल्यासारखी गुळगुळीत. चौथ्या बाजूला, अगदी कोपऱ्यात, दोन बारीक काटे शेजारच्या थरात गेले होते.

खाला रिक्षा करून स्टँडवर गेली. सोयगावची गाडी सुटली होती.

डॉक्टरांनी दोन पत्रं टाकली. ‘तपासणी अपुरी राहिली आहे, ताबडतोब येऊन जावे.’ उत्तर नाही. दहा दिवस ते कुणाशी नीट बोलले नाहीत. पडद्यावर गाठ आली की “आडवी” म्हणण्याआधी थांबत, जणू शब्द चघळून बघत. शनिवारी संध्याकाळी म्हणाले, “बाई, उद्या सोयगावला जाऊ.”

“मी कशाला?”

“मी छातीच्या गाठीबद्दल बोलणार. बाई नको का?”

ते मोटार तिसऱ्या गिअरमध्येच चालवायचे, चौथ्यावर त्यांचा विश्वास नव्हता. अजिंठ्याचा घाट उतरून आम्ही पोचलो तेव्हा दुपार झाली होती. गिरणी शोधायला लागली नाही, आवाजावरून सापडली. आत पट्टा फिरत होता, दहा-बारा माणसं डबे घेऊन रांगेत, आणि कडूबाई वर उभी राहून गहू ओतत होती. तिनं आम्हाला पाहिलं आणि ओळखलं नाही असं दाखवलं.

डॉक्टर जवळ जाऊन काहीतरी बोलले. तिनं कानाला हात लावला. ते आणखी मोठ्यानं बोलले. तिनं मान हलवली. मी त्यांची बाही ओढत होते, बाहेर बोलवून घेऊ म्हणून. त्यांनी छाती भरून श्वास घेतला, आणि नेमका त्याच वेळी तिच्या नवऱ्यानं, हे कोण पाहुणे म्हणून, खटका बंद केला.

“तुमच्या छातीतल्या गाठीत सुई घालायची आहे!” डॉक्टर सबंध सोयगावला म्हणाले.

पट्टा हळूहळू थांबला. डबेवाले डॉक्टरांकडं पाहत होते.

“झालं?” कडूबाई खाली उतरली. “का आजून दवंडी द्यायची राह्यली?”

“मी चुकलो,” डॉक्टर म्हणाले. हे आवाजाबद्दल नव्हतं, पण तिला तसं वाटलं असावं. “तुमची गाठ आडवी आहे, हे खरं. पण तिचा एक कोपरा मला पसंत नाही.”

“पसंत नाय म्हंजी? स्थळ हाय का त्ये?”

रांगेत कुणीतरी हसलं. डॉक्टर हसले नाहीत.

“कॅन्सर हाय का मंग?” नवरा मधेच म्हणाला.

“मला ठाऊक नाही.”

“एवढ्या मोठ्या मशीनीत कळंना,” कडूबाई म्हणाली, “त सुईत काय कळंल? आन कामून येऊ मी? तुमीच म्हनले ना आडवी. मी सोता ऐकलं. त्या समद्या बाया घरी गेल्या आडव्या घिऊन, मलाच कामून सुई?”

डॉक्टरांनी आजूबाजूला पाहिलं. भिंतीला गव्हाचं पोतं टेकलं होतं.

“मोंढ्यात धान्याचा माल घेताना पोत्यावरून हात फिरवून घेता का?”

“नाय. नळी खुपसत्यात. दाना काढून बघत्यात.”

“मशीन म्हणजे पोत्यावरून हात. सुई म्हणजे नळी. दाणा चांगला निघाला तर मी येऊन याच गिरणीत तुमची माफी मागीन. तशीच, पट्टा बंद करून.”

नवरा म्हणाला, “पन गिरनी कोन चालवंल?” त्यावर रांगेतली एक म्हातारी, डबा खाली ठेवून, त्याला म्हणाली, “तू चालव की मुडद्या. तुजीच हाय ना?”

मंगळवारी कडूबाई आली. तिच्याबरोबर त्याच गाडीनं आणखी चार बायका आल्या. चौघींनाही गाठी होत्या, एकीला दोन वर्षांपासून. दवंडी दिल्यानं एवढं झालं होतं. त्या चौघींच्या गाठी साध्या दिसल्या, एकीची तर नुसती पाण्याची. त्या दिवशी डॉक्टरांनी खालाला सगळ्यांसाठी चहा आणायला सांगितला, आणि ही गोष्ट आमच्याकडं फार वर्षांत घडली नव्हती.

कडूबाईच्या सुईचा निकाल आठ दिवसांनी आला. डॉक्टरांनी तिला समोर बसवलं, मला शेजारी.

“कॅन्सर आहे,” ते म्हणाले. “लहान आहे. काखेत गेलेला दिसत नाही. काढता येईल.”

तिनं हाताला बसलेलं पीठ नखानं खरवडलं. मग म्हणाली, “आडवी व्हती ना पन?”

“आडवीच होती. अशीही असते.”

“मंग तुमी त्ये मोठ्यानं कामून म्हनता?”

डॉक्टर माझ्याकडं बघू लागले. मी निकालाचा कागद पाकिटात घातला.

ऑपरेशन झालं. औषधं झाली, केस गेले, परत आले. डॉक्टरांनी बोलणं सोडलं नाही, कारण गप्प राहिलं की बायका रडत. पण त्यांनी नवा नियम केला. “झालं” असं ते स्वतः म्हणेपर्यंत पेशंटनं खोलीबाहेर जायचं नाही, आणि दाराशी खाला. खालाला हे काम फार आवडलं. एकदा तिनं फोनला जाणाऱ्या डॉक्टरांनाच अडवलं, “झालं बोले क्या तुमे? नै ना? चलो, अंदर.” ते आत गेले.

कडूबाई दर वर्षी तपासणीला यायची. घरचं पीठ आणायची आणि डॉक्टरांना एखादी तरी शिवी द्यायची, गिरणीतल्या त्या ओरडण्याबद्दल. डॉक्टर ती ऐकून घेत आणि दोन्ही बाजू सावकाश, कोपरे तपासत बघत. त्यांना अर्धा तास लागे. शेवटी म्हणत, “आज तरी मला काही दिसत नाही.” याहून जास्त त्यांनी तिला कधीच दिलं नाही आणि तिनंही मागितलं नाही.

एका डिसेंबरात डॉक्टर गेले. दुपारी जेवून पडले होते, उठले नाहीत. सेंटर त्यांच्या भागीदाराच्या मुलाकडं आलं, यंत्रही नवं आलं. फेब्रुवारीत कडूबाई आली, डोक्यावर पिठाची पिशवी.

“कुठं गेलं म्हातारं?”

मी सांगितलं. ती बाकावर बसली. पिशवी मांडीवर घेतली.

“कशानं?”

“हृदय बंद पडलं.”

“आन त्ये कुनी बघितलं नाय व्हय मशीनीत?”

“नाही.”

मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, “मंग आता माजं कोन बघतं?”

मी तिला आत नेलं आणि शेजारी उभी राहिले. नव्या डॉक्टरांना चार मिनिटं लागली. काही नव्हतं. तिला लवकरची, अडीचची गाडी मिळाली.